व्हिडिओ गेममधील मूळ गाणे

एखाद्या गेमसाठी मुद्दाम लिहून, चाल लावून, गायकाकडून ध्वनिमुद्रित करून घेतलेले गाणे. बाजारात आधीच आलेले गाणे परवाना घेऊन वापरणे, हा वेगळा प्रकार.

जुन्या यंत्रांत माणसाचा गळा मावत नसे. निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या गेमयंत्राच्या ध्वनिविभागाला अवघी ६४ किलोबाइट मेमरी होती. त्यामुळे १९९४च्या ‘फायनल फँटसी ६’मधल्या ऑपेराच्या प्रसंगात शब्द पडद्यावर उमटतात आणि गायिकेच्या जागी चिपचा सूर लागतो. सीडी आली आणि ही अडचण सरली. १९९९मध्ये याच मालिकेच्या आठव्या गेमसाठी हाँगकाँगची गायिका फेय वाँग गायली. त्याच वर्षी ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने ‘ओमिक्रॉन’साठी गाणी केली, वर गेममध्ये पात्र म्हणूनही तो वावरला.

चित्रपटात प्रसंग किती सेकंदांचा, हे ठरलेले असते. गेममध्ये ते खेळणाऱ्याच्या हाती. म्हणून गायक क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या एकसारख्या ठोक्यांवर गातो आणि गळा, ताल, तंतुवाद्ये यांचे ट्रॅक सुटे ठेवले जातात. वाईज किंवा एफमॉडसारखे सॉफ्टवेअर प्रसंग बघून ते चढवते-उतरवते. खरी कसोटी लूपची, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवण्याची. शेवटच्या सुराचा घुमारा मध्येच कापला, तर सांधा खटकन कानाला लागतो. म्हणून ती शेपटी पुढच्या आवर्तनाच्या तोंडावर चढवतात. पहिल्या शब्दाआधीचा श्वाससुद्धा जपावा लागतो. तो गेला की दुसऱ्या फेरीत गायक दम न घेताच गातोय असे वाटते.

वाद्यसंगीत तासभर फिरत राहिले तरी चालते, पण कळणारे शब्द तिसऱ्या फेरीलाच डोके उठवतात. म्हणून शब्दांचे गाणे बहुधा श्रेयनामावलीत जाते. ‘पोर्टल’च्या (२००७) शेवटी खलनायिका असलेले यंत्रच गाते: गीत-संगीत जोनाथन कोल्टनचे, आवाज एलेन मॅक्लेनचा. याला मोठा अपवाद ‘सिव्हिलायझेशन ४’चा (२००५). त्याच्या मेन्यूवरच क्रिस्टोफर टिनचे ‘बाबा येतू’ वाजते. स्वाहिली शब्द बहुतेकांना कळत नाहीत, हे इथे पथ्यावरच पडले असावे. (त्यातला ‘बाबा’ मात्र आपल्या बाबांसारखाच, वडील या अर्थाचा.) टिनने पुढे ते स्वतःच्या अल्बममध्ये घेतले आणि २०११मध्ये त्याला ग्रॅमी मिळाले. गेमसाठीच्या गाण्याला मिळालेले ते पहिलेच.