शांती आणि तलवार (बायबलमधील विरोधाभास)

शांती आणि दुःखसहन यांविषयीची बायबलमधील काही वचने परस्परविरोधी वाटतात. त्यांतले सर्वांत अवघड वचन मत्तयकृत शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या ग्रंथात, आहे (10:34, म्हणजे अध्याय 10, वचन 34): मी पृथ्वीवर शांती नव्हे, तर तलवार आणायला आलो आहे, असे येशू म्हणतो. याच ग्रंथात डोंगरावरील प्रवचनात त्याने शांती करणाऱ्यांना धन्य म्हटले आहे (5:9), आणि अटकेच्या रात्री तलवार उपसणाऱ्या शिष्याला तो ती म्यान करायला लावतो (26:52).

तलवारीचे वचन सुटे काढून वाचले की घोटाळा होतो. मत्तयचा दहावा अध्याय म्हणजे बारा शिष्यांना गावोगाव पाठवताना केलेला उपदेश आहे. लांडग्यांत मेंढरे पाठवावीत तसे मी तुम्हांला पाठवतो, चाबकाचे फटके बसतील, सख्खा भाऊ भावाला धरून देईल, असे येशू त्यात बजावतो. शिष्याने कुणावर शस्त्र उगारावे असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. उलट ज्या घरात जाल त्या घराला तुमची शांती लाभो, असे त्याच अध्यायात आहे. लूकने आपल्या शुभवर्तमानात हेच वचन देताना तलवारीच्या जागी ‘फूट’ म्हटले आहे (12:51). पुढे मुलगा बापाविरुद्ध, सून सासूविरुद्ध उभी राहील हे जे येते, ते मीखा संदेष्ट्याचे बोल आहेत (7:6). तेव्हा ही तलवार शिष्याच्या हातातली नाही, ती त्याच्या घरावर येणारी आहे. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण टिळक कुटुंबाचे. 1895 मध्ये कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पतिपत्नींची कित्येक वर्षे ताटातूट झाली. पुढे पत्नी लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या, पण मधल्या काळाची वेदना त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात उघडपणे उतरली आहे.

लूकमधल्या दुसऱ्या एका उताऱ्याचा निकाल इतका सहज लागत नाही. तिथे येशू शिष्यांना झगा विकून तलवार घ्यायला सांगतो. शिष्य दोन तलवारी पुढे करतात आणि तो ‘पुरे’ म्हणतो (22:36–38). 1302 मध्ये पोप आठवा बोनिफेस याने याच दोन तलवारींवरून धर्मसत्ता आणि राजसत्ता दोन्ही चर्चच्या अधिकारात येतात असा दावा केला. मूळ प्रसंगाशी त्याचा मेळ बसत नाही. त्याच्या कितीतरी आधी तेर्तुलियन या आरंभीच्या काळातील ख्रिस्ती लेखकाने नेमका उलटा अर्थ काढला होता: अटकेच्या रात्री तलवार उपसणाऱ्या पेत्र या शिष्याची तलवार काढून घेताना प्रभूने प्रत्येक सैनिकाला निःशस्त्र केले.

दुःखाबाबतही अशीच ओढाताण दिसते. नीतिमानाला अनर्थ शिवत नाही, असे बायबलमधील नीतिसूत्रे हे पुस्तक सांगते (12:21). नीतिमानाला कष्ट फार, असे स्तोत्रसंहितेतला स्तोत्रकर्ता म्हणतो (34:19). निर्दोष असूनही दुःख भोगणाऱ्या ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखामागे पाप शोधत राहतात आणि अखेरीस देव त्यांनाच दोषी ठरवतो. जन्मांध माणसाच्या बाबतीत येशू तोच हिशेब नाकारतो (योहान 9:3).

योहानाच्या शुभवर्तमानात दोन्ही धागे एकाच वाक्यात गुंफले आहेत: माझ्यात तुम्हांला शांती मिळावी म्हणून हे सांगितले, जगात तुम्हांला क्लेश होतील, तरी धीर धरा (16:33). ही शांती क्लेश सरल्यावर मिळायची नाही, ती क्लेशातच द्यायची आहे. कलस्सैकरांस पत्रात तर वधस्तंभावरच्या रक्तानेच शांती झाली, असे म्हटले आहे (1:20).