हवा शिरतेय की लाइन तुंबलीय? जुन्या डिझेल फोर बाय फोरचं मधूनच बंद पडणं

जुन्या डिझेल फोर बाय फोरवर सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो अधूनमधून येणाऱ्या बिघाडापायी. गाडी आचके देते, बंद पडते, आणि थोड्या वेळाने काही झालंच नव्हतं अशी पळते. गॅरेजमध्ये नेली की हमखास काहीच सापडत नाही. मग अंदाजाने नोझल (इंजेक्टरचं डिझेल फवारणारं टोक) निघतात, पंप खोलला जातो, मोठं बिल होतं आणि बिघाड तिथेच राहतो. पुष्कळदा नोझल आणि पंप दोन्ही ठणठणीत असतात, डिझेलच पंपापर्यंत नीट पोचत नसतं. न पोचण्याची मुख्य कारणं दोन: लाइन, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची डिझेलची वाट, कुठेतरी हवा घेत असते, नाहीतर कुठेतरी तुंबलेली असते. लक्षणं इतकी सारखी दिसतात की अनुभवी माणूसही गोंधळतो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी बिघाड नेमका कधी होतो ते टिपून ठेवा. उभी राहिल्यानंतर त्रास देणारी गाडी बहुधा हवा घेत असते. राबवल्यावर त्रास देणारी बहुधा तुंबलेली असते. (हे सगळं मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांबद्दल आहे. कॉमन रेलचं, म्हणजे नव्या गाड्यांतल्या कॉम्प्युटरने चालणाऱ्या इंजेक्शनचं, तंत्र वेगळं आणि तपासणीही वेगळी.)

आधी दाबाचं गणित समजून घेऊ. इंजेक्टरकडे जाणाऱ्या पाइपांत 100 बारपेक्षा जास्त दाब असतो, त्यामुळे तिथली गळती बाहेर येते आणि दिसते. टाकीपासून पुढे मात्र डिझेल ओढून आणलं जातं, म्हणजे त्या भागातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथल्या फटीतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. पाइप कोरडा, जमीन कोरडी, आणि तरी गळती आहे! ‘कुठेच ओलं नाही, म्हणजे लाइन ठीक आहे’ हा निष्कर्ष इथेच फसतो. इंजिनावर वेगळा फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून इंजेक्शन पंपाला देणारा छोटा पंप) असेल, तर खेचण्याचा भाग टाकी ते फीड पंप एवढाच. त्याच्या पुढे दाब असल्याने गळती ओली दिसते. पण रोटरी पंपाच्या कित्येक गाड्यांत वेगळा फीड पंप नसतो, इंजेक्शन पंप स्वतःच टाकीतून डिझेल ओढतो. मग फिल्टर, वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा) आणि हँड प्रायमर (हाताने दाबून लाइनमध्ये डिझेल भरायचा पंप) हे सगळंच खेचण्याच्या बाजूला येतं, आणि हवा शिरायला जागा वाढतात.

हवा घेणाऱ्या गाडीची ओळख सकाळी पटते. रात्रभरात फटीतून हवा शिरते, डिझेल मागे टाकीत उतरतं. सेल्फ लांबलचक मारावा लागतो, किंवा गाडी पाइपात उरलेल्या डिझेलवर चटकन सुरू होते, काही सेकंद चालते आणि बंद पडते. हँड प्रायमर दाबून तो कडक केला की लगेच सुरू होते. आयडलवर इंजिन एका गतीने न चालता आपोआप चढतं-उतरतं, मधूनच मिसिंग मारतं, पांढरट धूर सोडतं. उतारावर गाडी कशी उभी केली होती हेही बघा. नाक वर करून ठेवली तर टाकी खाली राहते आणि डिझेल जास्त लवकर मागे जातं. नाक खाली ठेवली तर त्रास कमी होतो. एक फायदा असाही, की टाकी भरलेली आणि नाक बरंच खाली असलं, तर एरवी कोरडी असणारी फट सकाळी ओली सापडू शकते.

शोधायच्या जागा ठरलेल्या असतात: फिल्टरची ओ-रिंग, फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू, हँड प्रायमरचा पडदा, बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) पुन्हा वापरलेले कॉपर वॉशर, क्लिपखाली चिरलेले रबरी पाइप, आणि इंजेक्टरांना जोडणारे रिटर्नचे (उरलेलं डिझेल परत नेणारे) बारीक पाइप. शेवटच्यांकडे कुणी बघत नाही, आणि तेच वाळून भेगाळतात. क्लिप नुसती आवळून भागत नाही. कडक झालेला पाइप बदलावाच लागतो.

तुंबलेल्या गाडीचं वागणं याच्या उलट. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू, आयडल गुळगुळीत, सपाट रस्त्यावर हळू चालवा तर तक्रार नाही. चढ लागला, मागे वजन असलं, पाय खाली गेला की थोड्या वेळात पिकअप जातो. इंजिनाची डिझेलची मागणी वाढते, पुरवठा तेवढाच राहतो. पाय काढला की परत सावरते. बंद पडल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून सुरू केली तर पुन्हा नीट पळते, कारण टाकीतल्या जाळीला चिकटलेला कचरा ओढ थांबताच सुटून खाली बसतो. पुढच्या चढावर तोच खेळ परत. इथे धूर जास्तीचा नसतो, इंजिन नुसतं मरगळतं. दाट काळा धूर येत असेल तर डिझेल पुरतंय आणि हवा कमी पडतेय, तेव्हा आधी एअर फिल्टर बघा.

नवा डिझेल फिल्टर बसवल्यावर काही दिवस बरं आणि पुन्हा तेच, तर घाण टाकीतून येतेय. गंज असतो, किंवा तळाशी साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा काळपट, बुळबुळीत थर. त्याला मारणारं औषध मिळतं, पण मेलेला थर फिल्टरातच येऊन अडकतो, त्यामुळे टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेणही फिल्टर अडवतं. आणि टाकीचा श्वास विसरू नका. झाकणाचा किंवा ब्रीदरचा मार्ग बंद झाला तर डिझेल जाईल तसा टाकीत कमी दाब तयार होतो. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा: हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर कारण सापडलं.

खरी गुंतागुंत आता येते. या दोन गोष्टी एकमेकींना जन्म देतात. टाकीची जाळी तुंबली की पंप जास्त जोराने ओढतो, आणि एरवी तग धरणारी जुनी ओ-रिंग हवा घेऊ लागते. तुम्हाला बुडबुडे दिसतात, तुम्ही ओ-रिंग बदलता, गाडी थोडी सुधारते, पण चढाचा त्रास जात नाही. म्हणून बुडबुडे दिसले तरी जाळी तपासल्याशिवाय काम संपलं म्हणू नये. उलटही होतं: फिल्टर बदलताना जुनी ओ-रिंग खोबणीत राहून गेली, तर तुंबलेली गाडी आता हवा घेणारी होते. टाकीतली उचल नळी (जिच्यातून डिझेल वर ओढलं जातं ती) गंजून वरच्या बाजूला चिरली असेल तर फसवणूक आणखी मोठी. टाकी भरलेली असताना चीर डिझेलखाली असते, पातळी उतरली की हवा ओढते, आणि तीही चढावर. लक्षण तुंबल्याचं, कारण हवेचं. अशा वेळी डिझेलच्या काट्याकडे बघा. ठरावीक पातळीखालीच त्रास होत असेल तर नळीवर संशय घ्या.

निवाडा करायला दोन साध्या चाचण्या पुरतात. इंजेक्शन पंपाच्या आधी डिझेल चालेल असा पारदर्शक पाइपाचा तुकडा बसवा. एअर काढल्यानंतर दोन-चार बुडबुडे येऊन थांबतील. सतत येत राहिले तर हवा शिरतेय. तिथेच टी-जोड लावून व्हॅक्यूम गेज (ओढ मोजणारा मीटर) जोडता आलं तर आणखी चांगलं: रेस वाढवताच सुई वर चढत गेली की मागे टाकीच्या बाजूला कुठेतरी अडथळा आहे.

दुसरी चाचणी कॅनची. स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनजवळ, पण एक्झॉस्ट आणि फॅनपासून दूर, घट्ट बांधा. पंपाचा इनलेट आणि रिटर्न दोन्ही पाइप त्यातच सोडा, नाहीतर रिटर्नचं डिझेल टाकीत जाऊन कॅन रिकामा होईल. त्रास गेला तर दोष मागच्या लाइनमध्ये. मग जुनी लाइन तुकड्या-तुकड्याने परत जोडत या. कॅनवरही त्रास तसाच राहिला, तर लाइन निर्दोष. तपासताना इंजेक्टरच्या सैल पाइपाजवळ हात नेऊ नका. त्या दाबाची फवार कातडीत घुसते, आणि जखम किरकोळ दिसली तरी ताबडतोब डॉक्टर गाठावा लागतो.

कॅनवरही बंद पडते आणि तीही न आचकता, किल्ली फिरवल्यासारखी एकदम, तर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (वीज तुटताच डिझेल बंद करणाऱ्या झडपेची) वायर बघा. सैल टर्मिनल खड्ड्यात सुटतं आणि पुढच्या धक्क्याला परत जोडलं जातं. बॅटरीपासून फ्यूजमार्गे तात्पुरती थेट वायर देऊन चालवलं की कळतं. मात्र ती वायर काढल्याशिवाय इंजिन किल्लीने बंद होणार नाही, हे आधीच लक्षात असू द्या.