जळगावचं विमान मे महिन्यात तोरणमाळच्या वर असतं

2012 सालचा अमेरिकेतल्या आयडाहोचा एक व्हिडिओ परत फिरतोय, चार सीटचं जुनं स्टिन्सन विमान धावपट्टीवरून कसंबसं उचलतं, पण वर काही चढत नाही आणि शेवटी झाडांत पडतं. चौघंही वाचले. आमच्या ग्रुपवर लगेच निकाल लागला, "इंजिन गेलं भो". अरे पण इंजिन तर ओरडतंय!

ती ब्रूस मेडोजची धावपट्टी 6,370 फुटांवर आहे आणि त्या दिवशी तापमान होतं 27 अंशांच्या आसपास. उंचावर हवा विरळ असते हे शाळेतलंच, पण तापलेली हवाही फुगून विरळ होते, म्हणून विमानाच्या हिशोबात ती जागा नऊ हजार फुटांच्या वर गेली. याला म्हणतात डेन्सिटी अल्टिट्यूड. हिशोब सोपाय, समुद्रसपाटीला 15 अंश धरायचे, दर हजार फुटांना 2 कमी करायचे, आणि त्यापेक्षा जितके अंश जास्त तितके गुणिले 120 फूट मूळ उंचीत मिळवायचे. जळगावचा विमानतळ साडेआठशे फुटांच्या आतबाहेर, मे महिन्यात पारा 45, करून बघा, साडेचार हजारांच्या पुढे जातं. सातपुड्यातलं थंड हवेचं तोरणमाळ त्याच्या खाली राहिलं!

विरळ हवेचा मार तिहेरी असतो. साध्या इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो म्हणून ताकद घटते, पुढच्या पंख्याला (प्रोपेलरला) मागे ढकलायला हवा कमी, आणि पंखांना उचल कमी. स्पीडचा काटा नेहमीचाच आकडा दाखवतो पण तेवढा दाखवायला जमिनीवर खरा वेग जास्त लागतो, नऊ हजारांना साधारण पंधरा टक्के. खरी गंमत पुढे आहे. जमिनीलगत, पंखांच्या लांबीइतक्या उंचीच्या आत, पंखांच्या टोकांशी होणारे भोवरे जमिनीमुळे दबतात, ड्रॅग, म्हणजे विमानाला मागे ओढणारा हवेचा रोध, कमी होतो, म्हणून विमान उचलतं आणि पायलटला वाटतं जमलं. थोडं वर गेलं की ती सवलत संपते, ड्रॅग वाढतो आणि चढायला ताकदच उरत नाही. नाक अजून वर ओढलं की समोरून येणाऱ्या हवेशी पंखांचा अँगल वाढतो, ड्रॅग आणखी वाढतो, शेवटी स्टॉल, म्हणजे पंखांची उचलच तुटते.

चॅनलवाले याला "काळाची झडप" म्हणतात, कोणी कॉकपिटला लिंबू-मिरची सुचवतं. मिरचीनं हवेची घनता वाढत नाही. आणि दमट हवा जड असते हाही गैरसमज, वाफेच्या रेणूचं वजन 18, कोरड्या हवेच्या रेणूंची सरासरी 29, म्हणजे दमट हवा उलट हलकी.

पायलट लोक म्हणून पहाटे उडतात, माणसं आणि इंधन कमी घेतात, आणि अर्धी धावपट्टी संपेपर्यंत लागणाऱ्या वेगाच्या सत्तर टक्के आला नाही तर थ्रॉटल मागे ओढून, म्हणजे इंजिनाची ताकद कमी करून, थांबतात.