मोबाइल जाळ्यातील स्थाननिश्चिती

चालू मोबाइल कोणत्या भागात आहे, याची नोंद कंपनीचे जाळे सतत ठेवत असते. या नोंदीवरून फोनचा ठावठिकाणा ठरवण्याला स्थाननिश्चिती म्हणतात. बोलण्यात ‘टॉवर लोकेशन’ हाच शब्द रुळला आहे. ही यंत्रणा पाळतीसाठी जन्मली नाही. लँडलाइनची तार घरापर्यंत येते, मोबाइलला तार नसते. आलेला कॉल कुठे वाजवायचा हे कळण्यासाठी फोन कुठे आहे ते माहीत असावेच लागते.

जवळपासच्या अनेक टॉवरांचा मिळून एक क्षेत्र-गट केलेला असतो. खिशात गप्प पडलेला फोन टॉवरांचे संदेश ऐकत राहतो आणि गट बदलला की, किंवा ठरावीक मुदत संपली की, आपली हजेरी लावतो. सोलापुरात बाळीवेशीतून नवी पेठेत गेलेला फोन एकाच गटात राहिला, तर तो काहीच कळवत नाही. कॉल आला की गटातले सगळे टॉवर त्याला एकदम हाक देतात. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत चुकलेल्या माणसाच्या नावाचा पुकारा सगळ्या कर्ण्यांवरून व्हावा, तसेच हे. फोन ज्या टॉवरला ओ देतो, तो टॉवर आणि त्याची बाजू, म्हणजे अँटेनाची दिशा, तेव्हा नेमकी कळते. फोन बंद केला तरी शेवटची नोंद मागे राहते. सिम बदलूनही फारसा फरक पडत नाही, कारण हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, तोच असतो.

टॉवर लोकेशन म्हणजे माणसाचा पत्ता, ही समजूत मात्र चुकीची आहे आणि ती निरपराध माणसाला महागात पडू शकते. एका टॉवरच्या सहसा तीन बाजू असतात. नोंद सांगते ती बाजू. जुन्या टूजी तंत्रात संदेशाला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढता येते, पण त्याची एक पायरी सुमारे 550 मीटरची असते. सोलापूरच्या पूर्व भागात दाट वस्ती, म्हणून टॉवर जवळजवळ. तिथे अंदाज काहीशे मीटरांत येऊ शकतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या शिवारात तोच काही किलोमीटरांवर जातो. उजनीच्या जलाशयावर तर आडकाठी करायला काहीच नसते. करमाळा तालुक्यातल्या काठावरचा फोन पलीकडच्या इंदापूरच्या टॉवरला लागू शकतो आणि कागदावर माणूस पुणे जिल्ह्यात दिसतो. अक्कलकोटच्या सीमेवरच्या गावांत घरात बसल्याबसल्या कर्नाटक सर्कलची रेंज पकडली जाते. गर्दीत जवळचा टॉवर भरला की फोन लांबच्या टॉवरकडे ढकलला जातो. आषाढीला पंढरपुरात वारीपुरते उभे राहिलेले तात्पुरते टॉवर नंतर तिथे नसतात; त्यामुळे जुनी नोंद वाचताना त्या तारखेचा टॉवर-नकाशाच हाताशी हवा.

याहून बारीक स्थान तीन टॉवरांच्या मोजमापावरून किंवा हँडसेटमधल्या जीपीएसवरून मिळते. भारतात 2018 पासून नव्या हँडसेटमध्ये जीपीएस सक्तीचे झाले. संकटात 112 वर फोन करणाऱ्याला शोधण्यासाठी ते मोलाचे आहे.

कॉलच्या नोंदी, म्हणजे सीडीआर, कंपन्यांनी किमान दोन वर्षे जपाव्यात असा दूरसंचार विभागाचा डिसेंबर 2021 पासूनचा नियम आहे. तपासात एका क्रमांकाचा सीडीआर काढतात, किंवा घटनास्थळाच्या टॉवरवरचे त्या वेळचे सगळे क्रमांक मागवतात. यालाच ‘डम्प डेटा’ म्हणतात. डम्पमध्ये तिथून नुसते जाणारे शेकडो लोकही येतात, म्हणून तो जपून वापरला पाहिजे. अशा नोंदींना न्यायालयात त्या कशा मिळवल्या हे सांगणारे प्रमाणपत्र जोडावे लागते. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली हे बंधन ठामपणे सांगितले. आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे.

अशा नोंदी साठल्या की माणसाचा दिनक्रम उघडा पडतो. जर्मन राजकारणी माल्टे श्पिट्झ यांनी आपल्याच कंपनीकडून सहा महिन्यांच्या नोंदी मिळवल्या, त्या 35,830 ओळी भरल्या. त्यांवरून त्यांचा प्रवास नकाशावर उमटवता आला. कंपन्यांना परस्परांशी जोडणारी एसएस7 ही सत्तरच्या दशकातली यंत्रणा तर एकमेकांवरच्या विश्वासावर उभी आहे. 2014 मध्ये जर्मन सुरक्षा संशोधक टोबियास एंगेल यांनी हॅम्बुर्गमध्ये दाखवून दिले की, तिच्यात शिरकाव मिळालेल्याला केवळ क्रमांकावरून परदेशातल्या फोनचाही माग काढता येतो.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. त्याच वाटेवर सर्वोच्च न्यायालयाने 8 जुलै 2024 रोजी फ्रँक व्हाइटस या आरोपीच्या जामीन प्रकरणात सांगितले की, आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी जामिनाची अट घालता येणार नाही.