बसलं की भूक मरते का?

"दिवसभर बसून तर असतोस, भूक कशी लागेल? जा, जरा चक्कर मारून ये." आईचं हे वाक्य कानावर पडलं नाही असं मराठी घर विरळाच. त्यात एक अख्खा सिद्धान्त आहे. शरीर जेवढं खर्च करतं तेवढंच मागतं, म्हणजे हालचाल वाढली की भूक वाढते आणि बसून राहिलं की भूक मरते. ऐकायला अगदी पटणारं. पण यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे आणि दुसरा बहुतांशी खोटा, आणि आज आपल्या पोटाचा जो घेर वाढतोय त्याचा मोठा भाग त्या दुसऱ्या भागात लपलेला आहे.

माझ्याच घरचं सांगतो. आमच्याकडे पोळ्या माणशी मोजून लाटतात. आठवड्यातले तीन दिवस मी लोकलने ऑफिसला जातो. पूल, जिने, स्टेशनपर्यंतची पायपीट धरून मनगटावरच्या घड्याळात नऊ-दहा हजार पावलं पडतात. दोन दिवस घरून काम असतं, तेव्हा जेमतेम दीड हजार. पोळ्या मात्र दोन्ही दिवशी चारच लागतात. उलट घरच्या दिवशी दुपारी चारला लॅपटॉपशेजारी शेंगदाण्यांची वाटी येते, ती वेगळी. सिद्धान्त खरा असता तर घरच्या दिवशी दोन पोळ्या डब्यात उरायला हव्या होत्या.

या उरलेल्या, खरं तर न उरलेल्या, पोळ्यांचा शोध विज्ञानाने सत्तर वर्षांपूर्वी लावला आणि तोही आपल्याच देशात. हार्वर्डमधले पोषणशास्त्रज्ञ जाँ मेयर यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर हावडा जिल्ह्यातल्या चेंगाइल इथल्या ताग गिरणीत २१३ पुरुषांचा आहार, वजन आणि कामाचे कष्ट यांची नोंद केली. निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला. गिरणी निवडण्यामागे विचार होता. एकाच आवारात दिवसभर गादीवर बसणारे दुकानदार होते, टेबलावरचे कारकून होते, यंत्रावरचे कामगार होते आणि पाठीवर ओझी वाहणारे हमालही होते. कष्टाची इतकी लांब शिडी एका जागी सहसा मिळत नाही.

मेयर यांनी ही शिडी आडवी मांडली आणि प्रत्येक पायरीवरची माणसं किती खातात ते उभ्या अक्षावर टाकलं. हलक्या कामापासून जड कामाकडे जाताना आहार वाढत गेला, अपेक्षेप्रमाणे. वजन मात्र जवळपास स्थिर राहिलं, म्हणजे ही माणसं खर्चाला बरोबर जुळेल एवढंच खात होती. पण शिडीच्या अगदी डाव्या टोकाला, सर्वांत बैठ्या लोकांकडे, रेघ खाली जाण्याऐवजी पुन्हा वर चढली. दिवसभर बसणारे दुकानदार हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते, त्यांचा आहार जड कष्ट करणाऱ्यांच्या जवळ पोचत होता, आणि वजनही त्यांचंच सर्वाधिक होतं. माझ्या मते पोषणशास्त्रातला हा सर्वांत सुंदर आलेख आहे. भूक हे तराजूचं पारडं असेल, तर ते एका मर्यादेपर्यंतच खाली-वर होतं आणि त्या मर्यादेखाली अडकून बसतं, हे तो एका रेघेत सांगतो.

आक्षेप घ्यायला जागा आहेच. दुकानदाराच्या हातात हमालापेक्षा जास्त पैसा असणार, आणि एका वेळी घेतलेल्या नोंदीवरून कारण सिद्ध होत नाही. म्हणून पुढचा प्रयोग महत्त्वाचा. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेत सहा सडपातळ पुरुषांना सात-सात दिवस एका बंद खोलीत ठेवलं. ही खोली म्हणजेच एक उष्मामापक. आतल्या माणसाने किती ऑक्सिजन घेतला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला यावरून ती त्याचा खर्च सांगते. एका फेरीत व्यायाम होता, दुसरीत जवळजवळ नुसतं बसणं. जेवण हवं तेवढं. २००४ साली आलेल्या निष्कर्षानुसार बसण्याच्या आठवड्यात खर्च बराच घटला, खाणं मात्र त्या प्रमाणात घटलं नाही. उरलेली ऊर्जा बहुतेक चरबी म्हणून साठली. इथे माणसं तीच, जेवण तेच. पैशाचा प्रश्नच नव्हता.

असं का होतं? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या आकड्यांनुसार ६५ किलोच्या पुरुषाला बैठ्या कामात दिवसाला २११० किलोकॅलरी लागतात, मध्यम कामात २७१० आणि जड कामात ३४७०. हे तीन आकडे एकाच आकड्यापासून बनलेले आहेत: सुमारे १५००. त्याला अनुक्रमे १.४, १.८ आणि २.३ ने गुणा. हे १५०० म्हणजे मूलभूत चयापचय, म्हणजे तुम्ही स्वस्थ पडून असताना हृदय, यकृत, मेंदू, मूत्रपिंड आणि स्नायू स्वतःला चालू ठेवायला करतात तो खर्च. बैठ्या माणसाच्या एकूण खर्चातला सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा हाच. लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी गेल्या काही वर्षांत दाखवलं आहे की माणूस दिवसभरात किती खातो याचा अंदाज त्याच्या चरबीवरून येतो त्यापेक्षा चरबी वगळून उरलेल्या वजनावरून आणि या मूलभूत खर्चावरून चांगला येतो. भुकेचा पाया तिथे आहे. खुर्चीत बसल्याने यकृत बंद पडत नाही, मेंदूही अर्धी रजा घेत नाही. मग भुकेने खाली का यावं? बसल्यामुळे वाचतो तो वरचा, हालचालीचा खर्च, आणि तो कमी झाल्याची खबर मेंदूपर्यंत फार क्षीण पोचते.

ही खबर पोचवणारी यंत्रणा थोडी किचकट आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. त्यात चेतापेशींचे दोन गट समोरासमोर बसलेले आहेत, एक भूक चेतवणारा, दुसरा शमवणारा. रिकामं जठर घ्रेलिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि पहिला गट जागा होतो. जेवण आतड्यात उतरलं की तिथून सीसीके, पीवायवाय आणि जीएलपी-१ ही पोट भरल्याचा इशारा देणारी संप्रेरकं निघतात. यातलं शेवटचं नाव वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांमुळे आता बऱ्याच जणांना माहीत झालं आहे. स्वादुपिंडातलं इन्सुलिन आणि चरबीतलं लेप्टिन मिळून दुसऱ्या गटाला बळ देतात. ही इशाऱ्यांची साखळी नीट चालायची तर पेशींनी इशारा ऐकायला हवा, आणि बसण्याचा फटका ऐकण्याला बसतो. अमेरिकेत १४ निरोगी तरुण स्त्री-पुरुषांवर झालेल्या प्रयोगात केवळ एक दिवस बसून राहिल्याने इन्सुलिनचा परिणाम ३९ टक्क्यांनी घटला. खाणंही खर्चाइतकं कमी केलं तेव्हा ही घट १८ टक्क्यांवर आली. म्हणजे नुकसानीचा निम्म्याहून जास्त भाग बसण्याने नव्हे, तर बसूनही आधीइतकंच खाल्ल्याने झाला होता.

जोरदार व्यायामाने उलट घडतं. स्नायूंत तयार झालेलं लॅक्टेट फेनिलअॅलॅनिन या अमिनो आम्लाशी जोडलं जाऊन एक छोटा रेणू बनतो. २०२२ साली 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनात हा रेणू टोचलेल्या लठ्ठ उंदरांनी खाणं कमी केलं. खुर्चीत हा रेणू फारसा बनत नाही.

आता बसण्याबद्दल एक दुरुस्ती. पाहण्यांमध्ये बसणं आणि अरबट-चरबट खाणं यांचं जे घट्ट नातं दिसतं, ते बहुतेक वेळा टीव्हीसमोरच्या बसण्याचं असतं. जास्त टीव्ही पाहणारे प्रौढ फळं-भाज्या कमी खातात, तेलकट-गोड जास्त. यात स्मरणाचा मोठा हात आहे. ब्रिस्टलमधल्या प्रयोगात काही जणांनी संगणकावर पत्ते खेळत जेवण केलं, काहींनी नुसतं जेवण केलं. जेवण दोघांना सारखंच. खेळत जेवलेल्यांना ताटात काय होतं ते नीट आठवेना, आणि नंतर समोर आलेली बिस्किटं त्यांनी जास्त खाल्ली. पोट भरल्याची जाणीव अर्धी पोटात असते, अर्धी आठवणीत. डोक्याच्या कामाचंही असंच. कॅनडातल्या क्वेबेकच्या लावाल विद्यापीठात विद्यार्थिनींना पाऊण तास वाचन-लेखन किंवा संगणकावरच्या चाचण्या दिल्या. नुसतं आराम करण्यापेक्षा त्यांचा खर्च तीनच किलोकॅलरी जास्त झाला, पण त्यानंतर त्यांनी दोनशेहून अधिक किलोकॅलरी जादा खाल्ल्या. माझ्या चारच्या शेंगदाण्यांचं उत्तर मला इथे सापडलं.

'बसणं म्हणजे नवं धूम्रपान' ही घोषणा मात्र मला अजिबात मान्य नाही. तंबाखूचा धोका कितीतरी पटींनी मोठा आहे. ज्या देशात तंबाखूने घरंच्या घरं उद्ध्वस्त होतात, तिथे अशी तुलना करणं बेजबाबदारपणाचं आहे. उभं राहून काम करायची महागडी टेबलंही याच घोषणेवर खपतात. उभं राहण्याने बसण्यापेक्षा मिनिटाला साधारण ०.१५ किलोकॅलरी जास्त जळते, म्हणजे सहा तासांत ५४, एका पोळीपेक्षाही कमी. आणि सकाळी उठून प्यायचं 'चरबी वितळवणारं' जिऱ्याचं पाणी? चरबी पाण्याने वितळत नाही. शरीराला ऊर्जेची गरज पडली की ती पेशींमधून बाहेर येते आणि जळते. तहान भागवायला हे पाणी खुशाल प्या, पण ते पिऊन नाश्त्याला दोन वडे जास्त खायची मुभा मिळत नाही.

मग आईचं "चक्कर मारून ये" चुकीचं होतं का? वाक्य बरोबर होतं, कारण वेगळं होतं. इंग्लंडमध्ये बैठ्या लोकांकडून सहा आठवडे मध्यम व्यायाम करून घेतला आणि आधी-नंतर त्यांना एक पेय दिलं, कधी भरपूर कॅलरींचं, कधी कमी. सुरुवातीला कुठलंही पेय घेतलं तरी पुढचं जेवण तेवढंच जायचं. सहा आठवड्यांनंतर भरपूर कॅलरींच्या पेयानंतर त्याच माणसांनी आपसूक कमी खाल्लं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, पेयातला फरकही त्यांना माहीत नव्हता. व्यायामाने त्यांना भूक तर लागलीच असेल, पण कुठे थांबायचं हेही त्यांच्या शरीराला पुन्हा कळू लागलं होतं.