खाऱ्या टाकीचे पहिले वीस दिवस

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला लागली. दहा टँकर, सुमारे पाच लाख लिटर. पाणी रेल्वेनं येतं याचं तेव्हा सगळ्या देशाला अप्रूप होतं. आम्हाला काळजी होती ती हंड्यांचा नंबर कधी लागतो याची. जवळपास दीडशे वर्षांपूर्वी, १८७१ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मत्स्यालयासाठीही असंच पाणी रेल्वेनं गेलं होतं, ब्रायटनहून. ते मात्र खारं होतं आणि माशांसाठी होतं. तिथल्या विल्यम लॉइड यांनी ते पाणी सारखं बदलायचं नाही, फिरवत ठेवायचं असं ठरवलं. काचेच्या टाक्यांच्या कितीतरी पट मोठा हौद अंधारात बांधला आणि तेच पाणी पंपानं खालीवर करत राहिले.

घरच्या काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचे, ही आमची हौस. समुद्रापासून लांब राहणाऱ्याची अडचण तेव्हाही हीच होती. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं, म्हणजे समुद्र दाराशीच. लातूर-नांदेडच्या माणसाला समुद्र पिशवीतून आणावा लागतो. बोअरच्या पाण्यात क्षार फार, म्हणून आधी आरओचं पाणी, मग लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ, विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या किती पट जड, ते माप) १.०२५ येईपर्यंत. आरओतून वाया जाणारं पाणी बादल्यांत धरून फरशी पुसायला वापरलं तरी मनाला टोचतंच. आमच्या गावात हा शौक जरा चोरूनच करावा लागतो.

एवढा खटाटोप करून पाणी काचेसारखं दिसायला लागतं आणि इथेच माणूस फसतो. माझे पहिले दोन क्लाउनफिश तिसऱ्या दिवशी गेले. दुकानदार म्हणाला होता, ‘पाणी एक रात्र फिरू द्या, बास.’

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. त्यातला विषारी हिस्सा किती, हे पाण्याच्या सामूवर (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) ठरतं. सामू ७ असेल तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ धरला तर दहापटीहून जास्त. म्हणजे गोल्डफिशच्या टाकीत खपून जाणारी घाई खाऱ्या टाकीत जिवावर बेतते.

या अमोनियाचं काय होतं, हे कळायला फार वेळ लागला, आणि त्यामागे एका बापलेकाची गोष्ट आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनच्या अपोथेकरीज हॉलमधले, म्हणजे औषधं बनवणाऱ्यांच्या संस्थेतले, रसायनतज्ज्ञ. सुमारे ५५ लिटरच्या टाकीत त्यांनी गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती आणि कुजकी पानं खायला गोगलगायी ठेवल्या आणि १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे निष्कर्ष मांडला: वनस्पती प्राणवायू देतात, प्राणी कार्बन डायऑक्साइड देतात, तोल साधला की पाणी बदलायला नको. ही ‘समतोल टाकी’ शौकिनांच्या डोक्यात इतकी घट्ट बसली की पुढे कित्येक पिढ्या सगळं श्रेय हिरव्या पानांनाच मिळत गेलं.

अमोनिया संपवण्याचं खरं काम करणारे जीव सापडले ते सांडपाण्यात. १८७७ मध्ये फ्रान्सच्या श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी वाळू आणि चुनखडीनं भरलेल्या उभ्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपत ठेवलं. पहिले वीस दिवस काहीच घडलं नाही. वरून अमोनिया घातला की खालून अमोनियाच निघायचा. मग एकाएकी नायट्रेट, म्हणजे अमोनियापासून बनणारा, त्याहून खूप कमी घातक क्षार, येऊ लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, प्रक्रिया ठप्प. थोडं मातीचं पाणी ओतलं, पुन्हा सुरू. काम करणारा कुणीतरी जिवंत आहे, हे सिद्ध झालं. माझ्या मते खाऱ्या टाकीचा खरा इतिहास त्या नळीपासून सुरू होतो. आपण आज ज्याला टाकी ‘सायकल’ करणं म्हणतो, म्हणजे मासे सोडण्याआधी हे जीव टाकीत वाढू देणं, ते म्हणजे तेच वीस दिवस. घरच्या टाकीत चार ते सहा आठवडे लागतात एवढंच.

हे वाचून इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात प्रयोगाला बसला तो वॉरिंग्टन यांचाच मुलगा, त्याचंही नाव रॉबर्ट. हे काम दोन टप्प्यांत होतं, आधी अमोनियाचं नायट्राइट (तेही विषारीच) आणि मग नायट्राइटचं नायट्रेट, हे त्यानं दाखवून दिलं. जिवाणू वेगळे काढणं मात्र त्याला साधलं नाही. ते १८९० मध्ये झ्युरिकला सर्गेई विनोग्राद्स्की यांनी साधलं, कारण त्यांनी जिवाणूंना सेंद्रिय खाद्य द्यायचंच टाळलं. या जिवाणूंना ते लागतच नाही. बापानं टाकी मांडली, उत्तराच्या इतक्या जवळ पोचलेला लेक मातीत बसला होता, आणि टाकीवाल्यांना त्याचा पत्ता नव्हता.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. कच्चं शेणखत पिकाला जाळतं, उकिरडा मुरू द्यावा लागतो, हे त्याला ठाऊक असतं. कापसाला टाकलेल्या युरियाचंही मातीत शेवटी हेच होतं.

पूर्वी टाकी मुरवायला काटक डॅमसेल मासे सोडत. जगले तर जगले. आता मासे न घालता थोडा अमोनियम क्लोराइड घालतात, म्हणजेच आपला नवसागर, कल्हईवाला भांड्यावर टाकायचा तोच. (बाजारातला खडा टाकीत टाकू नका, त्यात काय काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही, शुद्ध घ्या.) आधी अमोनिया चढतो, मग तो उतरत असताना नायट्राइट चढतं, शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागतं, म्हणजे टाकी मुरली. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट माशांना तितकं बाधत नाही.

हे जिवाणू नेमके कोण, ही यादी अजून बदलते आहे. शंभर वर्षं नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टरच्या नावावर जमा होतं. होवनेक नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ आणि १९९८ मध्ये दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात. २००५ मध्ये तर अमोनिया खाणारा एक आर्किया, म्हणजे जिवाणूंहून वेगळ्याच कुळातला सूक्ष्मजीव, सापडला. त्याच्या जातीचे जीव जगभरच्या समुद्रांत अमाप आहेत, पण हा हाती लागला सिॲटलच्या मत्स्यालयातल्या एका खाऱ्या टाकीत.

जिवंत खडक, म्हणजे असे सूक्ष्मजीव वसलेला समुद्रातला प्रवाळी खडक, टाकून हे वाट पाहणं कमी करायची रीत परदेशात रूढ आहे. आपल्याकडे प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, तेव्हा समुद्रातून खडक उचलून आणायचा प्रश्नच नाही. कोरडा किंवा बनवलेला खडक घ्यायचा आणि शून्यापासून सुरू करायचं. बाटलीतले जिवाणू मिळतात, पण मे महिन्यात कुरियरच्या गोदामात दोन दिवस तापलेल्या बाटलीत काय उरत असेल? त्यापेक्षा लोक विरजण मागतात तसा कुणाच्या तरी जुन्या, निरोगी खाऱ्या टाकीतला फिल्टरचा स्पंज मागून घेतात. माझा पुण्याहून आला, त्याच टाकीच्या पाण्यात भिजवलेला, डब्यात बंद, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं. ड्रायव्हरनं डबा हातात देताना विचारलं, ‘काय आहे हो यात? वास येतोय.’