हजेरीपासून जातीच्या दाखल्यापर्यंत: विमुक्त जमातींची पार्श्वभूमी

दरवर्षी ३१ ऑगस्टला महाराष्ट्रात ठिकठिकाणी विमुक्त दिन साजरा होतो. १९५२ साली याच तारखेला गुन्हेगार जमाती कायदा, म्हणजे अख्ख्या जमातींना जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा, देशभरातून रद्द झाला. त्यातून सुटलेल्या जमाती त्या विमुक्त. देशाला स्वातंत्र्य मिळालं, ते आमच्यापर्यंत पोचायला आणखी पाच वर्षं सोळा दिवस लागले, असं या जमातींतले कार्यकर्ते सांगतात. हिशेब बरोबर आहे. तरीही गावाबाहेर पालं पडली की सरपंचाचा निरोप जातो, ‘इथं थांबायचं नाही’. पंचक्रोशीत घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या वस्तीवर येते. कायदा जाऊन सात दशकं उलटली तरी हे का थांबत नाही, हे कळायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

ज्यांना पुढे एकाच शिक्क्याखाली आणलं गेलं, ती माणसं मुळात एकसारखी नव्हती. बंजारे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. मोठमोठ्या फौजांची रसद त्यांच्या तांड्यांवर चाले. कैकाडी टोपल्या आणि कणग्या विणत. वडार दगड फोडत, विहिरी खणत, तळ्यांचे बांध घालत. पारधी फास आणि वाघूर लावून तितर, लावे, हरणं धरत. रामोशी आणि बेरड तर राखणदार. पुरंदरसारख्या किल्ल्यांच्या आणि गावांच्या रखवालीचे हक्क रामोशांकडे होते. गावाला यांची गरज होती, पण गावानं यांना जमीन दिली नाही, गावठाणात जागाही दिली नाही. काम झालं की पुढे चला, हा व्यवहार इंग्रजांच्या आधीपासूनचा आहे. सगळा दोष साहेबावर टाकून आपले हात झटकणं मला पटत नाही. संशय गावात होताच. इंग्रजांनी त्या संशयाला कलम, शिक्का आणि नोंदवही दिली.

कंपनी सरकारचा महसूल जमिनीवर उभा होता. शेत नांगरणारा, सातबाऱ्यासारख्या कागदावर सापडणारा माणूस सरकारच्या दृष्टीनं भला. आज इथे आणि उद्या तिथे असणाऱ्यावर कर बसवता येत नव्हता, लक्षही ठेवता येत नव्हतं. त्यात एकामागून एक धंदे बुडाले. रामोशांचे रखवालीचे हक्क गेले. त्याविरुद्ध उठलेल्या उमाजी नाईकांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिलं गेलं. १८६३ मध्ये भोर घाटातून आणि १८६५ मध्ये थळ घाटातून आगगाडी वर चढली, आणि बंजाऱ्यांच्या बैलांना वाहायला काही उरलं नाही. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगल सरकारजमा झालं. कैकाड्याचा फोक आणि पारध्याचा तितर दोन्ही चोरीचा माल ठरले. पोट भरायचे रस्ते आधी बंद झाले, माणसांना चोर नंतर म्हटलं गेलं. पुढची सगळी चर्चा नेमका हाच क्रम विसरून होत आली आहे.

१८३० च्या दशकात विल्यम स्लीमनच्या ठगीविरोधी मोहिमेत एक कल्पना सरकारदरबारी रुजली होती: काही लोकांचा गुन्हा हाच पिढीजात धंदा असतो. १८५७ नंतर फिरस्त्यांविषयीची धास्ती आणखी वाढली. गुन्हेगार जमाती कायद्याचं विधेयक १८७१ मध्ये आलं तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात जेम्स फिट्झजेम्स स्टीफन कायदा सदस्य होते. विधेयकामागचा तर्क सरळ जातिव्यवस्थेतून उचललेला होता. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर. आपल्याकडच्या उच्चवर्णीयांना त्यात वावगं काही वाटलं नाही, कारण जन्मावरून माणूस ठरवायची सवय इथे जुनीच होती.

हा कायदा आधी वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात लागू झाला. प्रांतिक सरकारनं एखादी टोळी किंवा जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करायची. त्या जाहीरनाम्याला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलेलं होतं. मग जमातीतल्या माणसांची नोंद व्हायची. मी काहीच केलेलं नाही, हा बचाव तिथे चालत नव्हता, कारण आरोप कृत्याचा नव्हताच. याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता: त्यांचीही नोंद, बायकांचे कपडे घालून चारचौघांत वावरायला आणि नाचगाणं करायला बंदी. ठरलेल्या चौकटीत न बसणारी सगळी माणसं एकाच कायद्यात कशी कोंबली गेली, ते यातून दिसतं. १८९७ च्या दुरुस्तीनं लहान मुलांना आईवडिलांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली.

१९११ च्या कायद्यानं हे सगळं मुंबई इलाख्यात आलं, सोबत बोटांचे ठसेही आले. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरलं तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा. इतरांना त्याच चोरीसाठी काही महिन्यांची कैद व्हायची. १९२४ मध्ये सगळ्या तरतुदी एकत्र करून नवा कायदा झाला.

आपल्या भागात या कायद्याचं रोजचं रूप म्हणजे हजेरी. अंधार पडला की नोंदलेल्या माणसानं पोलीस पाटलापुढे किंवा ठाण्यावर जाऊन उभं राहायचं, नाव पुकारलं की ओ द्यायची. कुठे रात्रीतून एकदाच पुकारा, कुठे दोनदा. बहिणीच्या लग्नाला दुसऱ्या गावी जायचं तर आधी दाखला काढायचा. त्यावर नाव, कुठे जाणार, किती दिवस. तिथे पोचल्यावर तो त्या गावच्या पाटलाला दाखवायचा, परत आल्यावर इथे जमा करायचा. दाखल्याविना सापडला की तोच गुन्हा. पाटलाच्या हातात केवढी सत्ता आली असेल! पाटलाच्या शेतात फुकट राबायला नकार देणाऱ्याची त्या रात्रीची गैरहजेरी लागणं किती सोपं होतं, हे सांगायला नको.

दुसरं रूप म्हणजे सेटलमेंट. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग इथे काटेरी तारांच्या आत वसाहती उभ्या राहिल्या. कैकाडी, पारधी, कंजारभाट, टकारी, मांग गारुडी अशी कुटुंबं तिथे आणून ठेवली. काही वसाहती मिशनऱ्यांकडे चालवायला दिल्या होत्या. उत्तरेत साल्व्हेशन आर्मी हेच काम करत होती. आत शाळा होती, दवाखाना होता, हेही खरं, आणि तिथे शिकलेल्या पिढीनं पुढे चळवळी उभ्या केल्या. पण तारेबाहेर पडायला परवानगी लागे. सोलापूर आणि हुबळीच्या कापड गिरण्यांना या वसाहतींतून कामगार मिळत. सुधारणा, कोंडवाडा आणि स्वस्त मजूर, तिन्ही गोष्टी एकाच फाटकातून आत-बाहेर होत. सोलापुरात त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात.

याच काळात, याच मुलखात, वेगळं करता येत होतं, याचा पुरावा कोल्हापुरात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी नोकरीत घेतलं, राहायला जागा दिली. ज्यांच्यापासून जपून राहा असं इंग्रज सरकार सांगत होतं, त्यांच्यावर या राजानं पहाऱ्याची जबाबदारी टाकली. त्यासाठी कुठल्या अहवालाची वाट त्यांनी पाहिली नाही.

बाकी ठिकाणी अहवालच येत राहिले. १९३६ मध्ये नेल्लोरला बोलताना जवाहरलाल नेहरूंनी या कायद्याचा कडक शब्दांत निषेध केला. कुठलीही जमात जमात म्हणून गुन्हेगार असू शकत नाही, ही त्यांची भूमिका होती. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात क. मा. मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. मुंबई प्रांतानं १९४९ मध्ये कायदा रद्द केला. केंद्रानं अनंतशयनम अय्यंगार समिती नेमली, तिचा अहवाल १९५० मध्ये आला आणि १९५२ मध्ये कायदा देशभरातून गेला. तोवर १२७ जमातींतली एक कोटीहून अधिक माणसं त्याच्या कक्षेत होती, असं सांगितलं जातं. सोलापूरच्या सेटलमेंटची तार मात्र १९६० मध्ये नेहरूंच्या हस्ते तुटली, अशी आठवण तिथले जुने लोक सांगत आले आहेत.

कायदा गेला, पण पोलिसांची सवय सुटली नाही, आणि त्या सवयीला नवे कायदे मिळाले. सराईत गुन्हेगारांसाठीचा मुंबईचा कायदा १९५९ चा. कागदावर तो जातीला नाही, व्यक्तीला लागू होतो. पण ठाण्यातल्या नोंदी जुन्या आणि त्या वाचणारी नजरही जुनी. त्याच वर्षीच्या भीक प्रतिबंधक कायद्यात गाऊन-नाचून, खेळ करून, भविष्य सांगून पैसे मागणंही भीक मागण्यात धरलं गेलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं पारध्याची शिकार आणि गारुड्याचा नाग दोन्ही गुन्ह्यात आले. वन्यजीवांचं रक्षण व्हायलाच हवं. पण पिढ्यान् पिढ्या ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांना दुसरं काम कोण देणार, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या टेबलावर नव्हता.

याहून खोल घाव कागदपत्रांनी घातला आहे, आणि त्याविषयी फार कमी बोललं जातं. संविधानानं अनुसूचित जाती आणि जमातींच्या याद्या केल्या. त्यांत या समाजांची अक्षरशः वाटणी झाली. कैकाडी विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत, उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातीत. बंजारा कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती आणि महाराष्ट्रात विमुक्त. तांड्यातली सोयरीक राज्याच्या हद्दी बघून होत नाही, त्यामुळे सख्ख्या मावसभावांचे हक्क वेगवेगळे. महाराष्ट्रानं थाडे समितीच्या अहवालानंतर विमुक्त आणि भटक्यांच्या स्वतंत्र याद्या केल्या, हे चांगलंच झालं. देशात फार थोड्या राज्यांनी तेवढंही केलं. आज राज्यात विमुक्त जातींना ३ टक्के आणि भटक्या जमातींच्या तीन गटांना मिळून ८ टक्के आरक्षण आहे.

ते मिळवायला जातीचा दाखला लागतो. दाखल्यासाठी या प्रवर्गाला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचा उतारा, असं काहीतरी. ज्या आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, ज्यांचा जन्म पालावर आणि मृत्यू वाटेत झाला, ज्यांना कुठल्याही गावानं टिकू दिलं नाही, त्यांचा हा कागद कुठून आणायचा? सेतू केंद्रातला मुलगा नियमावर बोट ठेवतो. त्याचीही चूक नाही. पाळत ठेवायची होती तेव्हा सरकारकडे याच माणसाचं नाव, बापाचं नाव, बोटांचे ठसे आणि कालच्या रात्रीचा मुक्काम, सगळं होतं. देण्याची वेळ आली तेव्हा तू कोण हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर आली. मला या इतिहासातला सर्वात मोठा अन्याय हाच वाटतो. मारहाणीची निदान बातमी होते. दाखल्यावाचून अकरावीत अडलेल्या मुलीची होत नाही.

मारहाणीही थांबलेल्या नाहीत. फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या शबर तरुणाचा कोठडीतल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. महाश्वेता देवींनी तो लढा न्यायालयात नेला, आणि त्यातूनच त्या, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवर गट उभा केला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं सराईत गुन्हेगार कायदे रद्द करा, असं सुचवलं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. डवरी गोसावी कधी दारात येतात, काय मागतात, हे जुन्या पिढीला पाठ होतं. ही ओळख पुसली गेली आणि फक्त परक्याचा संशय उरला, की अफवा पुरते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगात जातीवरून कामं वाटणाऱ्या नियमांना आणि विमुक्त जमातींना जन्मावरून सराईत मानणाऱ्या कारागृह नियमावल्यांतल्या उल्लेखांना त्यानं घटनाबाह्य ठरवलं. प्रजासत्ताकाच्या पंचाहत्तराव्या वर्षापर्यंत ते शब्द सरकारी पुस्तकांत छापलेले होते.

बाळकृष्ण रेणके आयोगानं २००८ मध्ये या समाजांची संख्या दहा कोटींहून अधिक असल्याचा अंदाज दिला. त्यानंतरच्या भिकू इदाते आयोगाला अडीचशेहून अधिक जमाती अशा आढळल्या, ज्या अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती किंवा इतर मागासवर्ग यांपैकी कुठल्याच यादीत नाहीत. दोन्ही अहवालांची मुख्य अडचण एकच: नेमकी मोजणी नाही. येत्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय केंद्रानं एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला, तेव्हापासून विमुक्त-भटक्यांसाठी स्वतंत्र रकाना हवा, ही मागणी जोर धरते आहे. मागणी रास्त आहे, पण रकाना पुरणार नाही. बेघरांची मोजणी एका रात्रीत उरकण्याची आजवरची रीत आहे. ऊसतोडीला, वीटभट्टीला, जत्रेला गेलेली पालं त्या रात्री कुठे असतील, हे फक्त त्यांच्या संघटनांना आणि जातपंचायतींतल्या जाणत्यांना सांगता येईल. प्रगणकांनी ते आधी त्यांना विचारावं. पोलीस ठाण्यातल्या याद्या मागवून मोजणी होऊ नये.